गोजराबाईचा हप्ता

“सावकार, हप्ता एका रुपयाने कमी करा,” गोजराबाई म्हणाली आणि मी हसलो. तिथेच माझं चुकलं.

पंचक्रोशीत माझ्याइतका हिशोबी माणूस नाही, असं मी नेहमी म्हणायचो. दुसरं कोणी म्हणत नव्हतं, म्हणून मलाच म्हणावं लागायचं. मला गप्प करणारी एकच होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

गोजराबाईने चुरमुऱ्याच्या भट्टीसाठी नवी कढई घेतली होती, माझ्याकडून कर्ज काढून. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत व्याजासकट एकशे छप्पन्न रुपये फेडायचे. दर अमावास्येला तेरा रुपये.

“भात, वाळू, सरपण, पोरींचं पोट, सगळं जाऊन महिन्याला बाराच उरतात,” ती म्हणाली. “तेरावा कुठून आणू? भट्टीत भाजून रुपये फुलत नाहीत!”

मला मोठेपणाची हुक्की आली. “दे की बारा! पण एकशे छप्पन्नातला एक पैसा कमी होणार नाही, पाडव्यापुढे एक दिवस मिळणार नाही, आणि सगळे हप्ते सारखे हवेत. उद्यापर्यंत जमवून दाखव. नाही जमलं, तर पहिला हप्ता चुकताच कढई माझी!”

दिवाणजींनी मान डोलावली. त्यांना पगार मीच देतो.

ती उंबऱ्याशी पोचली, तेव्हा मीच तिला हाक मारली. “आणि हे बघ, आषाढात जावई येतील. तेहतीस अनारसे करून दे. आता घरात करणारं कोणी नाही.”

“देते की,” ती म्हणाली. जराशी थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हजर!

“बारा रुपयांनी फिटतात, सावकार. तेरा हप्ते होतात.”

“वर्षाला तेरा? बाई, महिने बारा असतात!”

“मग आषाढात जावयाला अनारसे कशाचे?”

“अधिक महिना आहे ना यंदा! धोंड्याचं वाण...” मी दिवाणजींकडे वळलो.

दिवाणजी पंचांग चाळू लागले. पाडवा ते पाडवा अमावास्या भरल्या तेरा. मी सवयीने बाराने भागून मोकळा झालो होतो. पंचक्रोशीतला हिशोबी!

तरी मी हार मानीना. “अधिक महिना व्यवहारात कोण धरतं?”

“का? तुमचं व्याज अधिकात उपास करतं?”

दिवाणजी खोकले. तो खोकला नव्हता.

“अगं, पण हे तुला सुचलं कसं?”

“मी कसली शिकलेली! पेरांवर मोजते. चार बोटांची पेरं बारा, तेरावा महिना आला अंगठ्यावर. हाच अंगठा तुमच्या कागदावर उठवलाय, सावकार. त्याला कसा वगळू?”

मी हसलो. आदल्या दिवशीसारखं नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कागदावरचे तेरा खोडून मी स्वतःच्या हाताने बारा लिहिले. मग आत जाऊन फळीवरची पितळी कढई काढली. तीन वर्षांत तिच्यात काही तळलं गेलं नव्हतं.

“ही तुला. अनारसे हिच्यातच तळ.”

गोजराबाईने कढई पदराने पुसली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, “हिचा हप्ता किती?”