आजींचा होकार

मेळघाटाच्या पायथ्याशी एक नर्सिंग कॉलेज होतं. शालू गवई तिथली विद्यार्थी प्रतिनिधी. गावोगाव फिरून तिने फुलवंती कास्देकर या कोरकू मुलीला प्रवेशासाठी तयार केलं. पण अध्यक्ष नानासाहेबांनी अर्ज बाजूला सारला.

“हिचं मराठी मोडकं. पेशंटला काय कळणार?”

शालू म्हणाली, “साहेब, आपल्या कॉलेजच्या दवाखान्यात, वॉर्डातल्या कोरकू आजींना तुम्हीच विचारा ना, काय दुखतं ते.”

नानासाहेब खाटेजवळ गेले. “आजी, पोट दुखतं?” आजींनी अदबीने होकारार्थी मान हलवली. “डोकं?” पुन्हा हलवली.

“बघ, सगळं कळतं त्यांना!”

शालूने वाकून विचारलं, “आजी, या कॉलेजच्या अध्यक्ष तुम्हीच ना?”

आजींनी तितक्याच अदबीने होकार दिला. वॉर्डात खसखस पिकली.

सोबत आलेली फुलवंती मात्र हसली नाही. आजींचा हात धरून ती कोरकूत काहीतरी बोलली. तीन दिवस गप्प असलेल्या आजी घडाघडा बोलू लागल्या, बोलता बोलता रडल्या.

“कान दुखते म्हणते,” फुलवंती म्हणाली.

नानासाहेबांनी अर्ज मागवून सही केली. मग फुलवंतीला हळूच म्हणाले, “पोरी, माझं चुकलं, असं सांग आजींना. माझ्या मराठीत त्यांना कळायचं नाही.”