दाण्याचा शंभरावा भाग

"आणि एक दाणा जरी तिच्या तोंडात गेला तर काय होईल, माहीत आहे तुम्हाला?"

डॉक्टर शर्वरी शेडगे मठाच्या पायरीवर उभ्या राहूनच बोलत होत्या. चपलाही काढल्या नव्हत्या.

यमाजीबाबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"न्हाई म्हाईत," बाबा म्हणाले. "सांग."

मी आत चुलीपाशी होतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, दर गुरुवारी मी मठात प्रसादाचे दाणे भाजतो. ओसरीवरचं बोलणं चुलीपाशी सहज ऐकू येतं. तरी मी कान टवकारले.

"ओठ सुजतील. अंगावर गांधी उठतील. मग घसा सुजेल आणि श्वास अडकेल," डॉक्टर म्हणाल्या. "सगळं दहा मिनिटांत. कधी तेवढाही वेळ मिळत नाही."

"एका दाण्यानं?"

"दाण्याच्या चिमूटभर कुटानं."

...

शर्वरी आमच्याच गावची. शाळेत असताना याच ओसरीवरच्या दिव्याखाली अभ्यास करायची, आणि पाढे चुकले की बाबा तिला शेंगा फोडायला लावायचे. आता ती पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ॲलर्जीची डॉक्टर आहे. तिचं संशोधन परदेशात छापून आलं तेव्हा गावानं चावडीवर तिचा फ्लेक्स लावला होता. मी तिला अहोजाहो करतो. बाबा करत नाहीत.

तिची मुलगी जुई सात वर्षांची. ती टेकडीखाली गाडीत बसली होती. काचा बंद. सोबत तिचे वडील, अभय. सात वर्षांत त्या पोरीनं मठ पाहिला नव्हता, आणि त्याला कारण आमचा प्रसाद.

आमच्या मठात प्रसाद आपल्या हातानं खात नाहीत. आरती झाली की सगळ्यांनी एका ओळीत बसायचं, मूठभर दाणे आणि गुळाचा खडा हातात घ्यायचा आणि उजवीकडच्याला भरवायचा. आपल्याला आपल्या डावीकडचा भरवतो. बाबांच्या गुरूंनी घालून दिलेली रीत आहे. भाऊबंदकीत तोंडं फिरवलेली माणसंही इथं एकमेकांच्या तोंडात दाणे घालतात.

"परंपरेचं मला सांगू नका, बाबा," डॉक्टर म्हणाल्या. "मी कागद आणलाय. छापील."

बाबांनी कागदाकडे पाहिलंच नाही.

"कंडक्टर," त्यांनी हाक मारली. "कढई उतरव."

"अर्धे दाणे भाजून झालेत."

"उतरव."

"बाबा, साठ वर्षांची रीत..."

"साठ वर्सांत ही पोर कवा वर आली व्हती?"

मी कढई उतरवली आणि ओसरीच्या दारात आलो. माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं असणार, कारण डॉक्टरांनी नजर दुसरीकडे वळवली.

मग आमची धावपळ सुरू झाली. दाण्याचं पोतं खालच्या गोठ्यात गेलं. टरफलं आणि लाल फोलपटं गोळा केली, ओसरी दोनदा धुतली. बाबांनी आपली बसायची जागा मात्र कुणाला धुवू दिली नाही. एक्याऐंशी वर्षांचे गुडघे जमिनीला टेकवून, ओलं फडकं घेऊन स्वतः पुसली.

"बाबा, राहू द्या. कुणीतरी करील," डॉक्टर म्हणाल्या.

"शेंगा म्या फोडल्या, शरू."

मग त्यांनी साबण मागवला. कोपरापर्यंत हात धुतले. शाळेत मुलं नखं दाखवतात तसे दोन्ही हात पालथे-उताणे करून तिच्यापुढे धरले.

"आता चालंल?"

पदर खोचून भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं बसायला पाट दिला, की त्याची मोठी पंचाईत होते. डॉक्टरांनी चपला काढल्या आणि ओल्या ओसरीच्या कडेला येऊन बसल्या.

...

"आता सांग," बाबा म्हणाले. "कागदात काय लिवलंस?"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणसाचं असंच होतं.

"शरीरात एक राखण असते, बाबा. रोगजंतू आले की त्यांच्या अंगावर धावून जाणारी. काही जणांची राखण दाण्यालाच चोर समजते."

"पाव्हण्याला चोर."

"हं. आणि अशी धावते, की त्यात घरच मोडतं."

"मग तू काय करतीस?"

"पूर्वी आम्ही एवढंच सांगायचो, दाण्यापासून लांब राहा. आता थोडं थोडं देतो. दवाखान्यात, डोळ्यांसमोर, इंजेक्शन हाताशी ठेवून. पहिल्या दिवशी एका दाण्याचा शंभरावा भाग, पूड करून. मग काही दिवसांनी जरासा जास्त. राखणीला ओळख पटेपर्यंत."

"पटती?"

"सगळ्यांची नाही. काहींना त्रास होतो, मध्येच सोडावं लागतं. आणि पटली तरी थोडं थोडं खात राहावं लागतं, नाहीतर राखण विसरते. पण माझ्याकडे त्रेचाळीस मुलं होती, बाबा. त्यातली छत्तीस आज दोन-तीन दाणे पचवतात. शाळेत चुकून दुसऱ्याच्या डब्यातला घास खाल्ला, तरी आईबापांच्या तोंडचं पाणी पळत नाही."

मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हे घरी कुणी करून बघायचं नाही हं."

मी काय करणार होतो? मी मुकाट्यानं मान हलवली.

त्यांच्या आवाजात अभिमान होता. असायलाच हवा होता. बाबाही कौतुकानं ऐकत होते, पाढे पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीचं ऐकावं तसं.

"चव्वेचाळिसावी कोण?" बाबांनी विचारलं.

...

"जुईला माझ्या अभ्यासात घेता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मी तिची आई आहे. तसा नियम आहे."

"दुसरा डॉक्टर न्हाई?"

"आहेत. माझ्या बरोबरीच्या एक आहेत. त्या करतो म्हणाल्यात. मंगळवार दिलाय."

"ह्यो मंगळवार?"

"हा. याआधी तीन मंगळवार दिले होते."

खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला. जुई कंटाळली असणार.

"मी डॉक्टर, म्हणून जास्तच जपलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं घरात दाणा दिसू दिला नाही. आता आम्हीच सांगतो, तान्ह्या मुलांपासून इतकं लांब ठेवू नका... मग एका चतुर्थीला माझा उपास होता. शेजारणीनं खिचडी आणून दिली. जुई माझ्या मांडीवर होती, तोंड उघडून बघत होती. मी एक घास..."

त्यांनी मांडीवरच्या कागदाची घडी घातली.

"माझ्याच हातचा घास होता, बाबा."

"पोर वाचली."

"वाचली. दवाखाना जवळ होता."

"आन् त्यो हात?"

डॉक्टरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्रेचाळीस मुलांच्या आईबापांच्या हातात त्या हातानं चमचा दिला होता.

"तेव्हापासून जुई आपल्या हातानं जेवते. नाहीतर अभय भरवतो."

मला त्या बाईचा फार राग आला होता, माझी कढई उतरवली म्हणून. तो राग कुठं गेला ते मला कळलं नाही.

"मंगळवारी तुम्ही या," डॉक्टर एकदम म्हणाल्या. "मी गाडी पाठवते. पहिला चमचा आईनं किंवा बापानं दिला की मूल घाबरत नाही, असं मीच सगळ्यांना सांगते. पण अभयचे हात माझ्याहून जास्त कापतात. आणि माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही द्या. तुमच्या हाताला गुण आहे, सगळा गाव म्हणतो."

छापील कागद अजून त्यांच्या मांडीवरच होता. एरवी मला हसू आलं असतं.

बाबांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. मुंजीला बोलवा, मयताला बोलवा, म्हातारा काठी टेकत जातो. ते हो म्हणणार अशीच माझी खात्री होती.

बाबांनी भलतंच विचारलं.

"ती पूड कशातनं देता?"

"दह्यातून. नाहीतर कुस्करलेल्या केळ्यातून."

"कंडक्टर, परड्यातला पिकलेला घड उतरवून आण. केळाला साल असती. आत कुणाचा हात लागल्याला नसतो." मग डॉक्टरांना म्हणाले, "पोरीला वर आण."

...

जुई वर आली ती उड्या मारतच. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. डॉक्टरांच्या खांद्याला इंजेक्शनची छोटी पिशवी होती. तिच्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"तुम्हीच का ते पाढे विचारणारे?" जुईनं बाबांना विचारलं.

"आता मलाच येत न्हाईत," बाबा म्हणाले.

आरती झाली. वीसेक माणसं ओळीत बसली. दाण्यांऐवजी प्रत्येकाच्या हातात एकेक केळं पाहून आमच्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, पण बाबांपुढे कोण बोलणार? जुईच्या उजवीकडे अभय बसले. डावीकडची जागा रिकामी राहिली. डॉक्टर खांबाला टेकून उभ्या होत्या.

भरवाभरवी सुरू झाली. जुईनं केळं सोलून अर्धं बापाच्या तोंडात कोंबलं. ओळभर हशा पिकला. मग ती डावीकडे तोंड करून, आ वासून बसली.

तिथं कुणी नव्हतं.

"मला कोण?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

"बाबा... तुम्ही भरवा ना."

बाबांनी दोन्ही हात घोंगडीच्या आत घेतले.

"माझी जागा हितं हाय," ते म्हणाले. "घरी जेवताना पोरीच्या शेजारी कोण बसतं?"

...

डॉक्टर रांजणापाशी गेल्या. हात धुतले. बराच वेळ धुतले. मग येऊन रिकाम्या जागेवर बसल्या आणि केळं सोलायला लागल्या. देठ मोडेना. कुणी मदत केली नाही.

त्यांनी केळ्याचा कण काढला. नखाएवढा.

"एवढासाच?" जुई म्हणाली.

डॉक्टरांनी तो कण तिच्या जिभेवर ठेवला. मग तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. केळं जुई घरी रोज खाते, हे अभयनं मला नंतर सांगितलं. तरी तिची आई बघत राहिली. ओळीतला एकही माणूस खात नव्हता.

"आई, तुझा हात गार लागतोय," जुई म्हणाली, आणि तिनं उरलेल्या केळ्याला सरळ आईच्या हातातच मोठा चावा घेतला.

डॉक्टर रडल्या. सगळ्यांदेखत, तोंड न झाकता. मीही रडलो, आणि ते धुराचं नव्हतं, कारण चूल केव्हाच विझली होती.

निघताना जुई वडिलांच्या आधी खाली पळाली. डॉक्टर पायरीवर चपला घालत थांबल्या. छापील कागद ओसरीवरच राहिला होता. तो मी आणून दिला.

"बाबा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी याल ना?"

"येतो की," बाबा म्हणाले. "मला जरा लांबची खुर्ची ठेव."