एल्मरी गावाचं म्हणणं

फार वर्षांपूर्वी, विलायतेतल्या एल्मरी नावाच्या गारठलेल्या गावात एक भोळा गडी होता. हॉब त्याचं नाव. ‘दुधाकडे लक्ष ठेव’ म्हटलं, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचा.

त्या देशाच्या राजाने तेव्हा एक नवीन टूम काढली होती. आजवर तो मनाला येईल ते करायचा. आता त्याने ठरवलं, लोकांना विचारून मनाला येईल ते करायचं. त्यासाठी दर गावाने एक माणूस सभेला पाठवायचा होता.

दिवस सुगीचे. कापणी टाकून कोण जाणार? हॉब शेतात नसला की कापणी लवकर उरकते, हा गावाचा अनुभव होता. तेव्हा हॉबच ठरला.

त्याला लहानाचं मोठं केलं होतं गिसेला आत्याने. तिने पाव फडक्यात बांधून दिला आणि बजावलं, “मोठ्या लोकांत मध्ये मध्ये बोलू नकोस. गप्प बसून ऐक.”

“बरं, आत्या.”

तीन दिवस चालून हॉब सभेत पोचला. राजा म्हणाला, “एल्मरीचं रान आजपासून आमच्या शिकारीसाठी बंद. तिथली काटकीसुद्धा कोणी उचलायची नाही. एल्मरीच्या माणसाचं काही म्हणणं?”

हॉब गप्प.

“गप्प आहे, म्हणजे कबूल आहे,” कारभारी म्हणाला. तशी तिथली रीतच होती. त्याने हुकुमावर शिक्का मारला.

हॉबने घरी येऊन हे सांगितलं आणि गावात रडारड झाली. एल्मरीत हिवाळ्यात कमरेइतका बर्फ पडायचा. साऱ्या चुली त्या रानातल्या वाळक्या फांद्यांवर चालायच्या. आत्याला तर थंडीत दम्याने श्वास घेणं मुश्कील व्हायचं.

“अरे मेल्या, अशा वेळी ताडकन उठून ‘नाही’ म्हणायचं!”

“चुकलंच, आत्या. पुढच्या वेळी नक्की म्हणतो.”

पुढच्या महिन्यात पुन्हा सभा भरली. एकदा दिलेला माणूस वर्षभर बदलायचा नाही, असा नियम होता. त्यामुळे पुन्हा हॉबच गेला.

राजा म्हणाला, “एल्मरीच्या नदीवरचा पूल वाहून गेला म्हणे. आमच्या खर्चाने बांधून देऊ का?”

हॉब ताडकन उठला. “नाही!”

राजाला गहिवरून आलं. इतकं निःस्वार्थी गाव त्याने पाहिलं नव्हतं.

हॉब नदी पोहून घरी आला. आत्याने कपाळावर हात मारला. “अरे, राजा आपण होऊन काही देत असेल, तर मान लववून ‘हो, महाराज’ म्हणावं!”

“आधी सांगायचंस ना, आत्या.”

तिसरी सभा भरली तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता. राजा म्हणाला, “एकाच किल्ल्यात राहून कंटाळा आला. यंदा थंडीत आम्ही एखाद्या गावाला आमच्या सहवासाचा लाभ देणार आहोत. सोबत चारशे माणसं, दोनशे घोडे, साठ शिकारी कुत्री. सगळ्यांचं खाणंपिणं गावाकडे. कोणाला हवाय हा लाभ?”

सभेतला प्रत्येक जण आपापल्या जोड्यांकडे बघू लागला. हॉबने मान लववली. “हो, महाराज.”

या वेळी आत्या ओरडलीसुद्धा नाही. ती मटकन खाली बसली. तिथूनच म्हणाली, “राजा गावात असेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. काही झालं तरी.”

“बरं, आत्या.” हॉबला मनापासून वाईट वाटत होतं. त्याने तेव्हापासूनच दोन्ही हात तोंडावर ठेवले.

राजा आला. पूल नव्हता, म्हणून गळ्याइतक्या पाण्यातून आला.

“शेकोटी पेटवा!” तो कुडकुडत म्हणाला.

“लाकूड नाही, महाराज,” आत्या म्हणाली. “रान बंद आहे. आपलाच हुकूम.”

राजाचे दात वाजू लागले. “रान खुलं! आत्ताच्या आत्ता! कायमचं! पण रीत ती रीत. एल्मरीच्या माणसाचं काही म्हणणं?”

सगळ्या गावाने श्वास रोखला. हॉब गप्प.

“गप्प आहे, म्हणजे कबूल आहे.” शिक्का बसला.

गडी धावले, मोळ्या आल्या, घरोघरी चुली पेटल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हॉबच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “शहाणं गं माझं बाळ!” असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तो आनंदाने लाल झाला. हात मात्र त्याने तोंडावरून काढले नाहीत.

आत्याने राजाला गरम सूप वाढलं. राजाने ते भुरके मारत संपवलं, आणखी दोन वाडगे घेतले आणि तृप्त होऊन पाय पसरले.

“झकास! आता दर हिवाळ्याला आम्ही इथेच येऊ. चार महिने राहू. एल्मरीच्या माणसाचं काही म्हणणं?”

हुकुमावर एल्मरीच्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणी बोलायची सोय नव्हती. आत्या राजाच्या पाठीमागून डोळे वटारू लागली. मान हलवून झाली, मुठी नाचवून झाल्या, शेवटी तिने हातातला डाव गरागरा फिरवला.

आत्या आज किती खूश आहे, हे बघून हॉबला भरून आलं. त्याने तोंडावरचे हात आणखी घट्ट दाबले.

कारभाऱ्याने शिक्का काढला.