म्हादबा आणि बालवाडीचं दार

एका गावात एक भोळा म्हादबा होता. सांगितलं ते तंतोतंत करायचा, पण भलत्याच ठिकाणी. त्याचं लग्न अडलं होतं. मुलीचा बाप म्हणाला होता, "बालवाडीतली नोकरी पक्की होऊ दे, मग अक्षता." म्हणून म्हादबा शेवंताबाईंच्या बालवाडीत काम शिकायला गेला. शनिवारी तपासणीच्या मॅडम येऊन त्याला ठेवायचं की नाही ते ठरवणार होत्या.

पहिल्याच दिवशी एका पोरानं भोकाड पसरलं. म्हादबा नुसता बघत राहिला.

बाई म्हणाल्या, "अरे, पहिले चार दिवस पोरं रडतातच. रडणाऱ्याला कडेवर घ्यावं, काऊ दाखवावा."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी भागूमावशी खिचडीसाठी कांदा चिरत होती. डोळ्यांतून नुसत्या धारा. म्हादबानं तिला उचललं आणि घेतलं कडेवर. "तो बघ काऊ!" मावशीनं त्याला पळीनं बडवला.

बाई म्हणाल्या, "मोठ्यांना उचलतात का, शहाण्या? मोठं माणूस आलं की पाणी द्यावं, मागेल ते द्यावं."

"बरं बाई."

मग बाई जेवायला घरी गेल्या असताना आला फुगेवाला. पाणी प्यायला. एका गुटगुटीत पोराकडे बघून गमतीनं म्हणाला, "हे देता का मला?" म्हादबानं पोर त्याच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. बिचारा फुगेवाला घाबरून बाईंच्या घरी धावला. पोर परत केलं, वर दोन फुगे दिले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "मेल्या, घरचं माणूस न्यायला आल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही! आभाळ कोसळलं तरी!"

"बरं बाई."

शनिवारी मॅडम आल्या. पोरं स्वच्छ, खिचडी गरम. मॅडम खूश झाल्या. पोरं घरी गेली, बाई अंगणात आल्या, मॅडम आतच होत्या, तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला.

"मॅडम, चला," ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्ही हिच्या घरचे?" म्हादबानं विचारलं.

"नाही बा. ड्रायव्हर."

म्हादबानं आतून कुलूप घातलं. किल्ली कनवटीला. बाहेर बाई दारावर धपाधप बुक्क्या मारत होत्या, पण बाई तरी मॅडमच्या घरच्या कुठं होत्या? संतापानं मॅडमना रडू फुटलं. मोठ्या माणसाला उचलायचं नाही, हे म्हादबाच्या पक्कं लक्षात होतं. त्यानं नुसता काऊ दाखवला.

शेवटी ड्रायव्हर तालुक्याला जाऊन मॅडमच्या यजमानांना घेऊन आला. तेव्हा कुठं दार उघडलं.

मॅडम किंचाळल्या, "पुन्हा या बालवाडीत पाऊल ठेवणार नाही मी! आणि तूही ठेवायचं नाहीस!"

म्हादबा यजमानांच्या कानाशी लागला.

"पहिले चार दिवस सगळीच असं म्हणतात. उद्या वेळेवर आणून सोडा."