आरपार गेलेली गोळी

"मग सांगा बाबा, या दोन्हींत सरस काडतूस कोणतं?"

धैर्यशीलरावांनी घोंगडीवर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली. सरदारांचे चिरंजीव, संस्थानच्या नेमबाजीत नुकतीच चांदीची ढाल जिंकलेले. पाय जमिनीला लागत नव्हते, आणि का लागावेत?

समोर सुभानगीर बाबा बसले होते. एके काळचे संस्थानचे मुख्य शिकारी, आता डोंगरातल्या मठीत राहणारे गोसावी. शिष्याने पहिली शिकार केली, की बाबा त्याच्या रायफलीच्या नळीला गंध लावत. त्या गंधाशिवाय त्या मुलखात कुणाला शिकारी म्हणत नसत. धैर्यशीलराव गंधासाठीच आले होते, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"तूच सांग," बाबा म्हणाले.

"हे जड, शिकारीचं. गोळीचं नाक उघड्या शिशाचं, मऊ. जनावराला लागली की फुलते आणि आतच थांबते. हे दुसरं निशाणबाजीचं. गोळी हलकी, टोकापर्यंत तांब्याचं कवच. सुतात जाते, फळीतून आरपार निघते."

"मग?"

"मग काय! जड गोळी कच्च्या नेमाच्या माणसांसाठी. हात पक्का असेल तर निशाणबाजीचं काडतूस कुठंही पुरतं. काल संध्याकाळी मी त्यानंच सांबर मारलं."

बाबांनी वर पाहिलं.

"कुठं लागली?"

"खांद्याच्या मागं. जिथं धरली, तिथंच! आरपार जाऊन मागच्या सागात शिरली, बाबा."

"आणि सांबर?"

धैर्यशीलराव घोंगडीवरची काडतुसं पुन्हा नीट लावू लागले.

"सांबर कुठंय, राजे?"

"पळालं. दिवस मावळत आला होता. पडलं असेल कुठंतरी..."

"सकाळी ओढ्यावर येऊन गेलं. वाळूत रक्त आहे."

धैर्यशीलरावांना हा विषय मुळीच आवडला नाही. त्यांनी घाईघाईने पुडा सोडून पुढे केला.

"घ्या, आधी तोंड गोड करा."

बाबांनी पुडा हळूच मागे सारला.

"मला उपास आहे."

"आज? ना एकादशी, ना सोमवार!"

"सांबराचा. जखमी जनावर रानात फिरतंय तोवर गोळी झाडणाऱ्यानं अन्नाला शिवायचं नाही, ही आपली रीत. शिष्य विसरला, तर गुरूनं पाळायची."

धैर्यशीलरावांचा चेहरा खर्रकन उतरला. ढालीच्या आनंदात सकाळीच ते पुरणपोळीवर आडवा हात मारून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली.

बाबा उठले, काठी घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागले. गंधाची वाटी तशीच कोनाड्यात राहिली.

धैर्यशीलरावांनी मऊ नाकाचं काडतूस रायफलीत भरलं आणि ते धावत मागे गेले. बराच वेळ दोघं वाळूतले डाग पाहत चालले. पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जळायला!

"चुकलंच माझं, बाबा. संध्याकाळीच माग काढायला हवा होता. पण एक सांगा..."

"हं."

"नेम तर चुकला नव्हता ना?"

बाबा थांबले...

"चुकला असता, पोरा, तर आज मी जेवलो असतो."