बुजगावण्याचा कोट

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणातल्या एका गावात एक लवू घाडी राहत होता. त्याच्या पोटात एकच गुपित होतं, पण ते मोठं होतं. श्रावणात रानात अळंबी कुठे उगवते, हे साऱ्या गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. वडिलांनी ती लवूला सांगितली, तीही शेवटच्या आजारपणात आणि कानात. लवूने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. तो घरातून निघाला की आधी उलटा नदीकडे जायचा आणि मग वळसा घालून रानात शिरायचा.

पहिली परडी मात्र त्याच्या घरी कधी येत नसे. ती जायची पलीकडच्या गावी, थोरल्या बहिणीकडे. आईच्या मागे आक्कानेच लवूला वाढवलं होतं आणि वर्षभरात ती त्याच्याकडे एवढंच मागायची. कालवणासाठी ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटून ती दारात बसून राहायची. लवूला त्या दिवसाइतका गोड दुसरा सण वाटत नसे.

एका वर्षी लवूच्या हाती मोबाइल आला आणि तो 'आपलो गाव' नावाच्या ग्रुपात दाखल झाला. तिथे समोरच्या भागीरथीकाकीने जास्वंदीचं एक फूल टाकलं, तर त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. लवूच्या पोटात दुखू लागलं. जास्वंद काय, कुणाच्याही कुंपणाला असते!

एका सकाळी तो रानात पोचला, तर वारुळाभोवती अळंबीच्या कळ्याच कळ्या वर आलेल्या. एक दिवस थांबलं तर चांगल्या फुलणार होत्या. उद्या आक्काकडे न्यायच्या असं ठरवून त्याने परडी रिकामीच ठेवली. पण खिशातला मोबाइल त्याला गप्प बसू देईना. अळंबीत उकिडवं बसून त्याने स्वतःचा फोटो काढला आणि ग्रुपात टाकला. लोकांनी जागा विचारली. लवू कसला सांगतोय! "जागा सांगूची नाय," असं लिहून तो आपल्याच हुशारीवर खूश झाला.

संध्याकाळपर्यंत जास्वंद मागे पडली. लवूने तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी फक्त स्वतःलाच पाहिलं. त्याच्या खांद्यामागे राऊळांच्या काकडीच्या मळ्यातलं बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगात राऊळांच्या जावयाचा लग्नातला जांभळा कोट होता. असा कोट पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लवू नेहमीसारखा नदीकडून वळसा घालून गेला. बाकीचा गाव सरळ वाटेने गेला होता, त्यामुळे आधी पोचला होता. वारूळ पार तुडवलं गेलं होतं आणि कळी म्हणून शिल्लक नव्हती. भरलेला ओचा सावरत भागीरथीकाकी म्हणाली, "फोटो बरो इलो हा तुझो, लवू. कोट पण."

रिकामी परडी घेऊन लवू आक्काकडे गेला. फोटो तिच्या सुनेच्या मोबाइलवर कधीच येऊन पोचला होता. आक्का रागावली नाही. तिने भात वाढला, त्यावर नुसतं वाटपाचं कालवण ओतलं आणि तो फोटो उघडून मोबाइल ताटाला टेकवून उभा केला.

"बस. अळमी हय ठेवलंय. बघीत बघीत जेव."

लवू फोटो बघत बघत जेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कालवण तिखट झालंय, असं तो म्हणाला. खरं तर आक्का त्या दिवशी मिरची घालायलाच विसरली होती.

पुढे दोन श्रावण रान तुडवून लवूने नवी जागा शोधली. ग्रुप त्याने सोडला नव्हता. पहिली परडी आक्काकडे पोचली, शिजली, संपली. मग त्याने एक फोटो काढला, त्याचे चारही कोपरे नीट तपासले आणि तेव्हा कुठे तो ग्रुपात टाकला. फोटोत चाटूनपुसून लख्ख केलेलं ताट होतं आणि खाली एकच शब्द, 'अळमी'. भागीरथीकाकीने लगेच जागा विचारली, "खय गावली?"

लवूने लिहिलं, "आक्काच्या ताटात."

तात्पर्य: फोटो जगाला दाखवण्याआधी आपल्या मागे काय उभं आहे ते पाहावं, आणि जे आपल्या माणसासाठी राखलं आहे ते आधी त्याच्या ताटात पडू द्यावं.