चुंबकरावांची दाढी

ते राज्य पोलादाचं होतं आणि खाऱ्या पाण्यात उभं होतं, त्यामुळे गंज तिथे पाचवीलाच पुजलेला. पोलादी पत्र्यांची रांग समुद्र अडवून उभी असे. मागे गोड्या पाण्याचं तळं. रांग फुटली की तळं नासलं. आता पोलादाला पाठ असते का, असं कोणी विचारू नये. असते, आणि ती ज्याची त्याला दिसत नाही. म्हणून दर ओहोटीला शेजाऱ्याने शेजाऱ्याची पाठ खरवडायची, अशी तिथली रीत. खरवडताना उखाळ्यापाखाळ्या निघत, तोंडं फुगत. पण गंज आटोक्यात राही.

मग एका फुटक्या जहाजातून चुंबकराव आले आणि रांगेसमोरच्या खडकावर बसले. माझ्याकडे तोंड करून उभे राहा, म्हणाले, गंजाची काय बिशाद तुम्हाला शिवायची. पत्रे वळले. त्यांच्या अंगातला कण न् कण एका दिशेला लागला. भांडणं मिटली. पाठ खरवडायला मान वळवावी लागते, तेव्हा तेही आपसूक बंद पडलं. एरवीचं सुस्त खारं पाणी चुंबकरावांपुढे गरगर फिरू लागलं. पाणीसुद्धा नाचतंय, असं पत्रे म्हणाले. नाचता नाचता ते ताजी हवा आणून गंजाला भरवत होतं.

चुंबकरावांना दाढी फुटली. काळीभोर, ताठ केसांची, दर भरतीला वाढणारी. पत्र्यांना तिचं फार कौतुक.

रांगेच्या टोकाला, दगडी खांबाशी, बिजाक्का नावाची बिजागरी होती. तिचा जन्म वळण्यात गेलेला. एकीकडे बघून बघून तिची मान धरली. शिवाय शेजारचे थोरले पत्रोबा लाट आदळली की पूर्वी घुमत, ते हल्ली खुळखुळत होते. हे तिला काही बरं वाटेना. वळून बघायचंच, असं तिने ठरवलं. पण अंग हलेना. ओढ मुरली होती.

तेव्हा ती येईल त्या लाटेसरशी खांबावर अंग आपटू लागली. ठक.

"बिजाक्के, वेड लागलं का? पुढे बघ," पत्रोबा म्हणाले.

"पुढे बघायला तुम्ही आहात की एवढे," ती म्हणाली आणि पुन्हा आपटली.

म्हातारीलाही नाच चढला, म्हणून रांग खो खो हसली. तिच्या कडा चेपल्या, टवके उडाले. ती थांबली नाही. दर ठोक्याला अंगातले शिस्तीतले कण थोडे विस्कटत गेले, आणि एका ओहोटीला ओढ सुटली. बिजाक्का वळली.

पत्रोबांच्या पाठीला हात जाईल एवढं भोक होतं. पलीकडे खडकावर दाढी हलत होती.

"पत्रोबा, तुमच्या पाठीचं पोलाद कुठे गेलं, सांगू?"

"कुठे?"

"तुम्ही त्याच्याकडेच बघताय."

पत्रोबा बराच वेळ त्या काळ्याभोर, ताठ केसांकडे बघत राहिले. भरतीची पहिली लाट आली. खांबावर ठक वाजलं, आणि त्यामागोमाग, पत्रोबांच्या पायथ्याच्या दगडावर, जरा फुटक्या आवाजात, दुसरं.